बाग, उद्यान आणि भिंत : पुण्याच्या पायी फेरीतून उलगडणारा नगरेतिहास

१

नगराचा इतिहास लिहिणारा अभ्यासक प्रथम दप्तराकडे वळतो. सनदा, निवाडपत्रे, जमाखर्च आणि पत्रव्यवहार ही त्याची मुख्य साधने होत आणि त्यांचे महत्त्व निर्विवाद आहे. परंतु दप्तरात नोंद होते ती देण्याघेण्याची, हक्काची आणि तंट्याची. एखाद्या सरदाराच्या बागेत पुढे कोण येऊ लागले, ती कोणासाठी खुली झाली, भिंतीवरील चित्र येणाऱ्याजाणाऱ्यांपैकी कोणाच्या दृष्टीस पडत असे, ह्यांची नोंद करण्याचे कारण कारकुनाला सहसा पडत नाही. अशा गोष्टींचा मागोवा घेण्यासाठी दोन साधने उरतात : लोकांच्या तोंडी टिकून राहिलेली स्थलनामे आणि जागेवर अद्याप उभ्या असलेल्या भिंती. ह्या दोन्ही साधनांचे एक लक्षण समान आहे. ती ग्रंथालयात बसून पुरती पारखता येत नाहीत. त्यांच्यासाठी पायी हिंडावे लागते.

पुणे शहराच्या जुन्या पेठांतून शनिवारवाड्यापासून सारसबागेपर्यंतची वाट दोन-अडीच किलोमीटरांची आहे. सावकाश चालणाऱ्यालाही ती तासाभरात संपते. एवढ्याशा अंतरात 'बाग' हे उत्तरपद असलेली तुळशीबाग, बेलबाग, विश्रामबाग आणि सारसबाग अशी चार नावे भेटतात. वाट थोडी वाकडी केली तर रमणबाग, मोतीबाग आणि हिराबाग ही आणखी तीन नावे त्यांत मिळतात. ह्या सात बागांपैकी लोक ज्या बागेत फिरावयास जातात अशी आज एकच उरली आहे, ती सारसबाग. आणि तीही मूळची तळ्याच्या मध्यावरील एका बेटाची जागा आहे. उलटपक्षी, शहराने गेल्या शंभर-दीडशे वर्षांत ज्या जागा फिरण्यासाठी म्हणून मुद्दाम सिद्ध केल्या, त्यांना अधिकृतपणे 'उद्यान' हे नाव मिळाले. नावातील हा पालट केवळ रुचीचा किंवा संस्कृतप्रेमाचा नव्हे. जागेवर हक्क कोणाचा, ह्या प्रश्नाचे बदलत गेलेले उत्तर त्यात साठलेले आहे. भिंतींवरील चित्रांचा इतिहासही ह्याच दिशेने गेलेला दिसतो. दोहोंचा एकत्र विचार केला असता असे प्रतिपादन करता येते की, जागा सार्वजनिक होण्याची क्रिया प्रथम लोकांच्या पावलांत आणि बोलण्यात घडते. कागदावरील नोंद तिच्या मागून येते, आणि पुष्कळदा येतही नाही.

२

प्रथम शब्दांचा विचार करावा. 'बाग' हा शब्द मराठीत फारसीतून आला. त्याचे मूळ प्राचीन इराणी भाषेतील 'वाटा, जमिनीचा तुकडा' ह्या अर्थाच्या शब्दात असावे आणि तो शब्द संस्कृत 'भाग' ह्याचा सगोत्र असावा, असे व्युत्पत्तिकार मानतात. म्हणजे बाग हा मुळात वाट्याला आलेला तुकडा. त्याला मालक असणे हे त्या शब्दाच्या अर्थातच आहे. पुण्यातील बागांची जुनी नावे पाहिली तर त्यांतील काही मालकाने लावलेल्या झाडाझुडुपांशी निगडित आहेत.

'वाडा' आणि 'वाडी' ह्या शब्दांचे कूळ वेगळे असले तरी आशय जवळचा आहे. संस्कृत 'वाट' म्हणजे कुंपण, कुंपणाने वेढलेली जागा. त्याच्यापासून 'वाडा' आणि 'वाटिका' ह्या रूपापासून 'वाडी' हे शब्द आले. कोकणात नारळी-पोफळीच्या लागवडीला 'वाडी' म्हणतात, ते ह्याच अर्थाने. इंग्रजीतून आलेला 'पार्क' हा शब्दही मुळात कुंपणाचाच आहे. शिकारीसाठी राखून ठेवलेले, भोवती आवार घातलेले रान असा त्याचा जुना अर्थ. मराठीतील 'रमणा' हा शब्द त्याच्याशी ताडून पाहण्यासारखा आहे. शिकारीचे राखीव रान हा त्याचा एक अर्थ. आणि पेशवाईत श्रावणमासी ब्राह्मणांना दक्षिणा वाटण्यासाठी पर्वतीच्या पायथ्याशी जे आवार होते त्याला पुण्यात रमणा म्हणत, हा दुसरा. दोन्ही ठिकाणी आत कोणाला घ्यावयाचे आणि बाहेर कोणाला ठेवावयाचे, हे आधी ठरलेले असे.

ह्या सर्वांहून 'उद्यान' हा शब्द निराळा पडतो. 'उद्' हा उपसर्ग आणि 'या' म्हणजे जाणे हा धातू मिळून तो सिद्ध होतो. बाहेर जाणे, घर सोडून मोकळ्यावर जाणे हा त्याचा मूळ अर्थ. बाग आणि वाडी ह्या शब्दांत जमीन आहे, कुंपण आहे; उद्यान ह्या शब्दात चालणारा माणूस आहे. अमरकोशाने केलेला भेदही येथे लक्षात घेण्याजोगा आहे. घराजवळील बाग, अमात्यांच्या व गणिकांच्या घरची वृक्षवाटिका, अंतःपुरासाठी राखलेले प्रमदवन असे निरनिराळे शब्द देऊन त्या कोशाने 'उद्यान' म्हणजे राजाचे परंतु सर्वसाधारण असे वन, असा अर्थ सांगितला आहे. मालकी राजाची आणि उपभोग सर्वांचा, ही कल्पना नगरपालिकांच्या कितीतरी शतके आधी शब्दकोशात नोंदली गेली होती. विसाव्या शतकात नगरसंस्थांनी हा शब्द उचलला तेव्हा त्यांनी नकळत एक फार जुना भेद पुन्हा जिवंत केला.

३

आता पायी फेरीकडे वळावे. शनिवारवाड्याची पायाभरणी १७३० साली झाली आणि १७३२ साली वास्तुशांत. तेथून दक्षिणेस निघालेली वाट अप्पा बळवंत चौक ओलांडून बुधवार पेठेत शिरते. तुळशीबागेतील राममंदिर नारो आप्पाजी तुळशीबागवाले ह्यांनी अठराव्या शतकाच्या उत्तरार्धात उभारले. नारो आप्पाजींचे मूळ आडनाव खिरे. तुळशीबागवाले हे नाव त्यांच्या घराण्याला जागेवरून पडले. बागेने माणसाला नाव दिले, आणि पुढे बाग नाहीशी झाली तरी नाव घराण्यात आणि गल्लीत दोन्हीकडे राहिले. आज तुळशीबाग म्हटले की पुणेकराच्या मनात भांडी, बांगड्या, खेळणी आणि संसारोपयोगी वस्तूंची दाटीवाटीची बाजारपेठ उभी राहते. तुळशीचे रोप तेथे पूजेच्या दुकानातच आढळावयाचे.

जवळच बेलबाग आहे. तेथील विष्णुमंदिर नाना फडणिसांनी बांधविले. बेलाची झाडे कधीच गेली. परंतु बेलबाग चौक हे नाव दरवर्षी अनंत चतुर्दशीला विसर्जन-मिरवणुकीच्या निमित्ताने सर्वतोमुखी होते. तिसरी विश्रामबाग. हरिपंत फडके ह्यांची बाग असलेल्या जागेवर दुसऱ्या बाजीरावासाठी एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी वाडा उभा राहिला. पेशवाई १८१८ साली संपली आणि १८२१ साली ह्याच वाड्यात संस्कृत पाठशाळा सुरू झाली. पुढे तिच्यातूनच डेक्कन कॉलेजची परंपरा निघाली. १८७९ साली वाड्याला आग लागली. पुढे नगरपालिकेचे कार्यालयही काही काळ येथे होते. ज्या वास्तूच्या नावात विश्राम आहे तिला विश्राम असा लाभलाच नाही; मात्र खासगी बाग, राजवाडा, पाठशाळा, नगरपालिका हा तिचा क्रम म्हणजे जागा लोकांकडे येण्याचा क्रम होय. वाड्याच्या दर्शनी भागातील लाकडी खांब सुरूच्या झाडाच्या आकाराचे आहेत आणि त्यांना 'सुरूदार खांब' असे म्हणतात. सुरू हे इराणी बागेचे मानाचे झाड. खरी बाग गेल्यावर तिचे एक झाड लाकडात कोरलेले तेवढे उरले आहे.

ह्या नावांच्या विभक्तिरूपांकडे लक्ष दिल्यास आणखी एक गोष्ट हाती लागते. पुण्यात 'तुळशीबागेत', 'बेलबागेत', 'सारसबागेत' अशी रूपे रूढ आहेत. म्हणजे बाग नसली तरी बोलणाऱ्याच्या मनात उत्तरपद अजून सामान्यनाम म्हणून जागे आहे. त्याला सामान्यरूप होते. मुंबईत मात्र 'लालबागला', 'लालबागमध्ये' असे म्हणतात. तेथील प्रसिद्ध गणपती 'लालबागचा' राजा आहे, 'लालबागेचा' नव्हे. तेथे शब्द गोठून निव्वळ विशेषनाम झाला आहे. मुंबईतच भायखळ्याला १८६२ साली खुल्या झालेल्या व्हिक्टोरिया गार्डनला मराठी माणसाने 'राणीचा बाग' म्हटले, पुल्लिंगी. पुण्याची बाग मात्र स्त्रीलिंगी. ते उद्यान आता वीरमाता जिजाबाई भोसले ह्यांच्या नावाने ओळखले जात असले तरी 'राणीचा बाग' लोकांच्या बोलण्यातून गेलेला नाही. अलीकडे पुण्यातही 'तुळशीबागमध्ये' असे रूप कानी पडते. व्याकरणाच्या दृष्टीने हा लहानसा फरक आहे. परंतु इतिहासाच्या दृष्टीने त्याचा अर्थ असा की, येथे कधी बाग होती ही जाणीव भाषेतून पुसली जाऊ लागली आहे.

४

बाजीराव रस्त्याने तसेच दक्षिणेस गेले असता सारसबाग लागते. पर्वतीवरील देवदेवेश्वराचे मंदिर नानासाहेब पेशव्यांनी १७४९ साली उभारले. टेकडीच्या पायथ्याशी आंबिल ओढ्याचे पाणी अडवून त्यांनी तळे करविले आणि तळ्याच्या मध्यावर बेट राखले. त्या बेटावरील बागेला सारसबाग हे नाव मिळाले. १७८४ साली सवाई माधवरावांच्या कारकिर्दीत तेथे सिद्धिविनायकाची स्थापना झाली. विसाव्या शतकात तळे आटवून व बुजवून तेथे सार्वजनिक बाग करण्यात आली. शेजारच्या पेशवे पार्कात १९५३ साली प्राणिसंग्रहालय सुरू झाले. १९९९ साली ते कात्रजला हलविण्यात आले.

देवळाच्या चारही अंगांना आज हिरवळ आहे, तरी लोक ह्या देवाला 'तळ्यातला गणपती' असेच म्हणतात. व्याकरणदृष्ट्या ही साधी अधिकरणवाचक योजना; पण ती एका नाहीशा झालेल्या जलाशयाचा पुरावा आहे. कोणत्याही नकाशाची मदत न घेता पुण्यातील लहान मूल हा पुरावा तोंडाने बाळगून असते. त्याचे मोल केवळ भावनिक नाही. २५ सप्टेंबर २०१९ च्या रात्री अतिवृष्टी होऊन आंबिल ओढ्याला पूर आला आणि त्याच्या काठच्या वस्त्यांत अनेकांचे प्राण गेले. ओढा कोठून वाहत होता, पाणी कोठे साठत होते, ह्याची स्मृती ज्या नावांत आहे ती नावे शहराच्या सुरक्षिततेशी निगडित आहेत, हे त्या रात्रीने दाखवून दिले. 'तळे', 'ओढा', 'हौद', 'बंधारा' ही उत्तरपदे पत्त्यांतून गाळून त्यांच्या जागी गृहसंकुलांची नावे येऊ लागली की पाण्याची वाट माणसे विसरतात. पाणी ती विसरत नाही.

'बंधारा' ह्या शब्दावरून शहराच्या दुसऱ्या टोकाच्या एका बागेचे स्मरण होते. मुळा-मुठेवर सर जमशेटजी जिजीभाई ह्यांच्या देणगीतून एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास बंधारा झाला आणि त्याच्या काठच्या बागेला बंड गार्डन म्हणू लागले. फारसी 'बंद' हा शब्द येथील इंग्रजांच्या तोंडी 'बंड' झाला आणि त्याच रूपात मराठीत परत आला. मराठीत 'बंड' म्हणजे उठाव. परंतु त्या बागेचा उठावाशी काही संबंध नाही. महात्मा गांधी उद्यान हे त्या जागेचे अधिकृत नाव पाटीवर आहे, आणि बोलण्यात बंड गार्डन आहे. अधिकृत नाव आणि चालते नाव ह्यांतील हे अंतर पायी फिरणाऱ्यालाच कळते. कारण पाटी वाचून वाट विचारली तर उत्तर मिळण्यास पुष्कळदा विलंब लागतो.

उद्यान म्हणजे बाहेर जाणे, हा शब्दार्थ मात्र सिंहगड रस्त्यावरील पु. ल. देशपांडे उद्यानात रचनेच्या रूपाने पाहावयास मिळतो. २००६ साली खुले झालेले हे उद्यान जपानमधील ओकायामा येथील कोराकुएन ह्या बागेच्या धर्तीवर आखलेले आहे. कोराकुएन ही सतराव्या शतकाच्या अखेरीस एका सरदाराने करविलेली बाग. चालणाऱ्याच्या प्रत्येक वळणाला दृश्य पालटावे अशा रीतीने आखलेल्या बागांच्या प्रकारात तिची गणना होते. तेथे पाऊल हेच मांडणीचे परिमाण मानलेले आहे. सरदाराच्या बागेची प्रतिकृती पुण्यात थेट उद्यान म्हणून अवतरली. तुळशीबागेला किंवा विश्रामबागेला जे स्थित्यंतर पार करण्यास शतक लागले, ते येथे आरंभीच गृहीत धरले गेले.

५

बागांप्रमाणेच भिंतींचेही आहे. ह्या फेरीचा आरंभ ज्या शनिवारवाड्यापासून झाला, त्याच्या दिल्ली दरवाज्यातील भिंतींवर पेशवेकालीन चित्रांचे पुसट अवशेष आहेत. वाड्याचा अंतर्भाग १८२८ सालच्या आगीत नष्ट झाला. दरवाजा आणि तट तेवढे राहिले. जे चित्र दाराशी होते, म्हणजे सर्वांत अधिक लोकांच्या दृष्टीस पडत असे, तेच अंशतः वाचले. आतील महालांतील रंगकाम, जे थोड्यांसाठी होते, ते राखेत गेले.

आतील चित्रे कशी असत ह्याची कल्पना येण्यासाठी पुण्याबाहेर वाईपर्यंत जावे लागते. बेलबागेचे मंदिर बांधविणाऱ्या नाना फडणिसांचा वाडा वाईजवळ कृष्णाकाठी मेणवली येथे आहे आणि त्याच्या भिंतींवर मराठा शैलीची चित्रे आहेत. वाईतच रास्ते घराण्याच्या मोतीबागेतील वाडाही भित्तिचित्रांसाठी प्रसिद्ध आहे. मेणवलीच्या वाड्याचे नाव इतिहासाभ्यासकांना मुख्यतः मेणवली दप्तरामुळे ठाऊक आहे. एकाच छपराखाली दप्तर आणि चित्रित भिंत असताना एकाचा अभ्यास अधिक झाला आणि दुसरी ऊनपावसाच्या स्वाधीन राहिली, ही गोष्ट अभ्यासाच्या परंपरेविषयी बरेच काही सांगते.

वस्तुतः चित्र आणि लेख ह्यांत भाषेने मुळात एवढा भेद केलेला नव्हता. संस्कृतात 'लिख्' ह्या धातूचे ओरखडणे, लिहिणे आणि चित्र काढणे असे तिन्ही अर्थ होतात; 'आलेख्य' म्हणजे चित्र. जव्हार-डहाणूकडील वारली स्त्रिया लग्नप्रसंगी गेरूने सारवलेल्या भिंतीवर तांदळाच्या पिठाने चौक काढतात, त्यालाही चौक 'लिहिणे' असेच म्हणतात. प्रमाण मराठीत आता चित्र 'काढतात' आणि अक्षर 'लिहितात'. परंतु 'चितारी' हा शब्द आणि त्यावरून पडलेली सावंतवाडीच्या चितारआळीसारखी स्थलनामे जुन्या व्यवसायाची खूण राखून आहेत. भिंत हे पान आहे ही कल्पना शब्दांच्या इतिहासात आहे. ती इतिहासलेखनाच्या पद्धतीतही यावयास हवी.

१८७८ साली विष्णुशास्त्री चिपळूणकर प्रभृतींनी पुण्यात चित्रशाळा छापखाना काढला. तेथे छापलेली रामपंचायतनासारखी चित्रे घरोघर लागली. वाड्याच्या भिंतीवर एकट्या धन्यासाठी रंगविलेला देव कागदावर उतरून थोड्या पैशांत सर्वांच्या भिंतीवर आला. ह्याच सुमारास 'सार्वजनिक' हा शब्द पुण्यात नव्या अर्थाने रुळत होता. १८७० साली स्थापन झालेल्या सार्वजनिक सभेचा उगम पर्वती संस्थानच्या कारभाराविषयीच्या असंतोषातून झाला, आणि सभेच्या सभासदाला पन्नास लोकांचे मुखत्यारपत्र आणावे लागे. टेकडीवरील देवस्थान कोणाचे, ह्या प्रश्नातून निघालेला शब्द पुढे सभेला, गणेशोत्सवाला, वाचनालयाला आणि बागेला लागला.

गेल्या काही वर्षांत रस्त्याच्या कडेच्या भिंतीही चित्रांनी भरू लागल्या आहेत. मुंबईत वांद्र्याला दूरध्वनी कंपनीच्या इमारतीवर २०१४ साली दादासाहेब फाळके ह्यांचे भव्य चित्र रंगविण्यात आले. २०१६ पासून नगरांच्या स्वच्छतेची देशव्यापी पाहणी सुरू झाल्यावर पुण्यासह अनेक शहरांनी संरक्षक भिंती रंगवून घेतल्या. त्यांवर वारली पद्धतीच्या मानवाकृती हटकून आढळतात. चौक लिहिण्याचा विधी, त्या वेळी गाणारी धवलेरी आणि ज्या घरात लग्न आहे ते घर, ह्या सर्वांपासून सुटून ती आकृती शहराच्या भिंतीवर आली आहे. ह्यात लाभ आहे आणि हानीही आहे. लाभ असा की, कुंपणाची भिंत, जी केवळ अडविण्यासाठी होती, ती पाहण्याची वस्तू झाली. हानी अशी की, सर्वत्र एकच आकृती आल्याने कोणती भिंत कोणत्या वस्तीची हे चित्रावरून कळेनासे झाले. शिवाय नवा रंग बसला की जुने चित्र कोणत्याही नोंदीवाचून संपते.

६

येथपर्यंतच्या विवेचनाचा निष्कर्ष थोडक्यात असा. बाग, वाडा, वाडी आणि पार्क हे शब्द जमिनीच्या बाजूने बोलतात; उद्यान हा शब्द चालणाऱ्याच्या बाजूने. पुण्याच्या खासगी बागा लोकांच्या झाल्या त्या आदेशाने क्वचितच. देवळात, पाठशाळेत, बाजारात जाणाऱ्या लोकांच्या पावलांनी त्या लोकांच्या केल्या, आणि झाडे गेल्यावरही नाव सोडले नाही. भिंतींची चित्रेही महालातून दरवाज्यावर, दरवाज्यातून कागदावर आणि शेवटी रस्त्यावर आली.

ही साधने नाशवंत आहेत. १२ जुलै १९६१ रोजी पानशेतचे धरण फुटले तेव्हा मुठेच्या काठचे कित्येक वाडे एका दिवसात गेले. त्यांच्या भिंतींवर काय होते हे सांगणारी नोंद आता मिळवता येणार नाही. उरलेले वाडे पुनर्बांधणीसाठी एकामागून एक उतरविले जात आहेत. नाव पुसण्यास तर पूरही लागत नाही. पत्ता लिहिण्याची रीत बदलली की पुरे. म्हणून प्रत्येक पेठेची पायी पाहणी होणे अगत्याचे आहे. तीत स्थानाचे पाटीवरील नाव, वृद्धांच्या व तरुणांच्या तोंडचे नाव, त्याची विभक्तिरूपे आणि लिंग, आसपासच्या पाण्याच्या जुन्या खुणा, आणि चित्रित भिंत असल्यास तिचे दिनांकासह छायाचित्र एवढ्या गोष्टी नोंदल्या जाव्यात. ह्या कामास मोठा खर्च लागत नाही. भाषाशास्त्राच्या व इतिहासाच्या विद्यार्थ्यांनी मिळून एका पावसाळ्याआधी एक पेठ पुरी केली, तरी काही वर्षांत जुन्या शहराचा एक विश्वसनीय नामकोश तयार होईल. तोपर्यंत आंबिल ओढा कोठून वाहतो हे सांगण्याचे काम तळ्यातल्या गणपतीवर सोपवून चालणार नाही.